गॅरी किल्डॉल : डिस्कचे आकडे वेगळे काढणारा माणूस

मित्रांनो, डिस्कवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी आहे आणि तरीही कॉम्प्युटर जागा संपली म्हणतोय, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? माझ्या बाबतीत झालं, तेही प्रोजेक्टच्या सबमिशनला दोन दिवस उरले असताना.

झालं असं, की आमच्या सेन्सरचं रीडिंग दर सेकंदाला एका नव्या छोट्या फाइलमध्ये जात होतं. लिनक्सवर १० जीबीचं पार्टिशन होतं. सात दिवस सगळं मस्त चाललं आणि आठव्या दिवशी नवीन फाइल बनेचना. लॅबमधल्या सरांनी एक कमांड मारून दाखवली. जागा होती, पण आयनोड संपले होते. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि एकूण किती आयनोड ठेवायचे हे फाइलसिस्टिम बनवतानाच ठरतं. एक्स्ट४ साठी हा आकडा एमकेईटूएफएस डॉट कॉन्फ नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला असतो : दर १६,३८४ बाइट्सला एक. म्हणजे आमच्या १० जीबीत ६,५५,३६०. दिवसाला ८६,४०० फाइल्स, करा भागाकार! पार्टिशन तेवढंच ठेवून हा आकडा नंतर वाढवता येत नाही. पार्टिशन पुन्हा बनवावं लागतं.

असे आकडे प्रोग्रॅमच्या बाहेर, आपल्याला बदलता येतील असे ठेवायची पद्धत आली कुठून, हे शोधताना मला गॅरी किल्डॉल भेटला. एक्स्ट४ शी त्याचा काही संबंध नाही, ती फार नंतरची गोष्ट. पण आपल्यासारखीच अडचण त्याने तीसेक वर्षं आधी पाहिली होती.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअॅटलचा. घरची जहाजचालन शिकवणारी शाळा होती, तिथे त्यानेही शिकवलं. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात गणिताकडून तो कॉम्प्युटरकडे वळला आणि १९७२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी इथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत तो मास्तर होता. म्हणजे तोही आपल्या स्टाफरूममधलाच माणूस! इंटेलची ४००४ ही चिप हाती आली आणि तो तिच्या प्रेमातच पडला. इंटेलसाठी त्याने पीएल/एम ही भाषा लिहिली.

मग त्याला शुगार्ट कंपनीचा ८ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, पण तो चालवायला कंट्रोलर नव्हता. जॉन टोरोड या मित्राने तो बनवून दिला आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावात सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चालू झाली. पत्नी डोरोथीबरोबर त्याने कंपनी काढली, तीच पुढे डिजिटल रिसर्च म्हणून गाजली.

त्या फ्लॉपीचा हिशोब बघा. ७७ ट्रॅक, प्रत्येकात २६ सेक्टर, सेक्टर १२८ बाइट्सचा. पहिले दोन ट्रॅक सिस्टिमला राखीव. उरलेल्याचे १ केबीचे २४३ ब्लॉक, त्यातले दोन डिरेक्टरीला. डिरेक्टरीत नोंदी फक्त ६४! छोट्या छोट्या ६४ फाइल्स ठेवल्या की डिस्क रिकामी असूनही पासष्टावी बसत नाही. आमचं दुखणं अगदी हेच होतं.

प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, त्यामुळे सीपी/एम सारखी नव्याने जुळवावी लागे. १९७६ च्या सुमारास इम्साय कंपनीच्या मशीनसाठी हे काम करताना गॅरीने हार्डवेअरशी बोलणारा भाग कापून वेगळा केला आणि त्याला बायॉस म्हटलं. १९७९ च्या सीपी/एम २.० मध्ये तो आणखी पुढे गेला. डिस्कचे आकडे मूळ प्रोग्रॅममधून काढून बायॉसमधल्या एका तक्त्यात ठेवले. ब्लॉक केवढा, डिरेक्टरीत नोंदी किती, राखीव ट्रॅक किती, हे सगळं मशीन बनवणाऱ्याने भरायचं. त्यासाठी डिस्कडेफ नावाचा मॅक्रोही दिला. डिस्क बदलली तर तक्ता बदला, सिस्टिम तीच.

पण त्याच्या आयुष्यात दुसराच एक डिफॉल्ट आडवा आला. १९८० मध्ये आयबीएमची माणसं त्याच्या कंपनीत आली तेव्हा गॅरी स्वतःचं विमान घेऊन एका ग्राहकाकडे गेला होता. गोपनीयतेच्या करारावर सही करायला डोरोथी कचरली. त्या दिवसाबद्दल प्रत्येकाने वेगळं सांगितलंय. शेवटी मायक्रोसॉफ्टने सीपी/एमच्या वळणावर बेतलेली दुसरी सिस्टिम विकत घेऊन आयबीएमला दिली. गॅरीने तक्रार केल्यावर आयबीएमने त्याचीही सिस्टिम ठेवली, पण डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ २४० डॉलरला! लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नको.

नंतर तो दूरदर्शनवर कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या कार्यक्रमात दिसायचा. १९९१ मध्ये त्याची कंपनी नोव्हेलने घेतली. ११ जुलै १९९४ ला, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर, अवघ्या ५२ व्या वर्षी तो गेला. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये आयईईईने त्याच्या कामाची पाटी लावली.

लोक त्याला संधी हुकलेला माणूस म्हणून ओळखतात. मला हे पटत नाही. आपला निर्णय सगळ्यांवर लादण्याऐवजी त्याने आकडे भरायची मोकळी जागा ठेवली, हे मला जास्त मोठं वाटतं.

आमचं म्हणाल, तर त्या कॉन्फ फाइलमध्ये न्यूज नावाचा तयार प्रकार सापडला, दर ४,०९६ बाइट्सला एक आयनोड. डेटा कॉपी करून पार्टिशन पुन्हा बनवलं, फाइल्सची मर्यादा चौपट झाली आणि सबमिशन पार पडलं. सर मात्र म्हणाले, सगळी रीडिंग्ज एकाच फाइलमध्ये लिहायची अक्कल आधी वापरली असती तर? तेही खरंच!

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी डिस्क फॉरमॅट करताना एंटर दाबण्याआधी तो तक्ता एकदा वाचा. तो तुम्हीच भरावा म्हणून ठेवलाय.