वॉल्टर डँडी

गोंदिया जिल्ह्यात तलावाच्या पाटाचा काठ एके जागी ढासळू लागला, तर शेतकरी तेवढीच जागा बुजवितो. सारा पाट बंद केला, तर धान वाळून जाईल. शल्यवैद्य वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या बाबतीत हाच विवेक दाखविला.

त्यांचा जन्म १८८६ साली अमेरिकेतील सेडेलिया या गावी झाला. वडील आगगाडीचे चालक होते. डँडी बाल्टिमोर येथे शिकून १९१० साली डॉक्टर झाले.

मेंदूतील रक्तवाहिनीला कधी कधी फुगा येतो. तो फुटला की प्राणावर बेतते. म्हणून त्या काळी शल्यवैद्य मानेतील मोठी धमनीच बांधून टाकीत. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे असते. ते पूर्ण असेल, तर दुसऱ्या बाजूचे रक्त मदतीला धावून येते. परंतु पुष्कळ माणसांत ते अपुरे असते. अशा रुग्णाची धमनी बांधली, तर त्यास अर्धांगवायू होई.

१९३७ साली डँडी यांनी एका रुग्णाची कवटी उघडून फुग्याच्या देठावरच चांदीचा इवलासा चिमटा बसविला. धमनी वाहती राहिली आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला.

१९४६ साली डँडी निवर्तले. आजही शल्यवैद्य आधी प्रत्येक रुग्णाच्या रक्तवाहिन्यांची रचना पाहतात, मगच उपाय ठरवितात.