गार्सिया द ऑर्टा : मुंगसाची मुळी आणि सर्पदंश



मुंगूस एक मुळी खातं, म्हणून त्याला सापाचं विष बाधत नाही, असं वर्गात मुलं ठामपणे सांगतात. साडेचारशे वर्षांपूर्वी ही समजूत पुस्तकात नोंदवली ती गार्सिया द ऑर्टा यांनी.

त्यांचा जन्म सुमारे १५०१ साली पोर्तुगालमध्ये, सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यात झाला. वैद्यकी शिकून १५३४ मध्ये ते गोव्याला आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहांचेही ते वैद्य होते. आपलं शहर, म्हणजे जुनं खडकी, वसवणारा मलिक अंबर पुढे याच निजामशाहीत झाला. तिथल्या हकिमांशी आणि गोव्यातल्या वैद्यांशी बोलून त्यांनी इथल्या वनस्पतींची माहिती जमवली. जुन्या ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्यांचा भर असे. १५६३ मध्ये गोव्यात त्यांचं पुस्तक छापलं गेलं. दोन वैद्यांच्या संवादातून ते औषधं समजावतं.

त्यात श्रीलंकेतल्या सापाच्या मुळीचं आणि मुंगसाचं वर्णन आहे. यातली एक मुळी म्हणजे सर्पगंधा, असं अभ्यासक मानतात.

१५६८ मध्ये ऑर्टा वारले. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्यांच्या बहिणीला जाळलं. १५८० मध्ये तर ऑर्टांची हाडं उकरून जाळली. पण १५६७ मध्येच पुस्तकाचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला होता, त्यामुळे त्यांचं ज्ञान टिकलं.

मग मुळीचं काय झालं? १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी असल्याचं जगाला दाखवलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं गेलं. सर्पदंशावर मात्र ती उतारा ठरली नाही. मुंगूस वाचतं ते मुळीमुळे नाही. नागाचं विष स्नायूंतल्या ज्या जागी चिकटतं, त्या जागेची रचनाच मुंगसात वेगळी असते. काही वनस्पतींतली द्रव्यं विषातल्या घटकांना प्रयोगशाळेत रोखतात, त्यावर संशोधन चालू आहे. पण माणसासाठी आजचं खरं औषध प्रतिविषाचं इंजेक्शनच.

म्हणून पावसाळ्याआधी हा पाठ जरूर घ्या. मुळी, मंत्र, चिरा देणं, दोरी आवळणं यात वेळ घालवायचा नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना किंवा घाटी गाठायची, हे मुलांकडून पाठ करून घ्या. आणि घरी आजी-आजोबांनाही सांगायला लावा.