इंदिरा गांधी हरल्या, यशवंतराव जिंकले. तरी पक्षात एकटे पडले ते यशवंतरावच

मार्च १९७७. आणीबाणीचा राग मतपेटीतून बाहेर आला आणि काँग्रेस १५४ जागांवर आली. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. महाराष्ट्रातही ४८ पैकी २०च जागा हाती लागल्या. साताऱ्यातून निवडून आलेले यशवंतराव चव्हाण लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले.

आता पक्षात प्रश्न उभा राहिला, की पराभवाचं खापर कुणावर फोडायचं? बाईंवर फोडावं, तर आणीबाणीच्या मंत्रिमंडळात यशवंतराव स्वतः होते. तेव्हा ते बोलले नव्हते, ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत चिकटली.

जानेवारी १९७८ मध्ये पक्ष फुटला. यशवंतराव इंदिराविरोधी गटात राहिले. पण वऱ्हाडाची हवा वेगळी होती. तेल्हारा ज्या अकोला जिल्ह्यात येतं, तिथले खासदार वसंत साठे बाईंसोबत गेले. दोन महिन्यांच्या आतच विधानसभा निवडणूक झाली आणि विदर्भात इंदिरा काँग्रेसने जोरदार मुसंडी मारली. राज्यात यशवंतरावांच्या काँग्रेसला ६९, तर नव्याकोऱ्या इंदिरा काँग्रेसला ६२ जागा. ज्यांच्याशी भांडून वेगळे झाले, त्यांच्याशीच सत्तेसाठी हातमिळवणी करावी लागली. ते सरकारही जुलैत शरद पवारांनी पाडलं.

१९७९ मध्ये यशवंतराव चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले, पण ते औटघटकेचं राज्य होतं. १९८० ला इंदिरा लाटेतही त्यांनी सातारा राखला. सोबतीला मात्र फारसं कुणी उरलं नव्हतं.

१९८१ मध्ये ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. एकेकाळी गृह, अर्थ, संरक्षण, परराष्ट्र अशी सगळी मोठी खाती सांभाळलेल्या या माणसाला मंत्रिपद नाही, तर आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.