लाला लजपतराय

लाला लजपतराय (जन्म : धुडिके, पंजाब, २८ जानेवारी १८६५; मृत्यू : लाहोर, १७ नोव्हेंबर १९२८) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील अग्रगण्य नेते, वकील, लेखक व समाजसुधारक होते. लोकमान्य टिळक व बिपिनचंद्र पाल यांच्यासह ‘लाल-बाल-पाल’ या त्रयीत त्यांची गणना होते. सायमन आयोगाच्या निषेधार्थ लाहोर येथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी केलेल्या लाठीमारात ते जखमी झाले आणि त्यानंतर अठराव्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूस पोलीस कितपत जबाबदार होते, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढे आला नाही.

पूर्वायुष्य

लजपतराय यांचा जन्म आजोळी झाला. वडील राधाकृष्ण हे फारसी व उर्दूचे शिक्षक होते. लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात शिकत असताना लजपतराय आर्य समाजाच्या संपर्कात आले. कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी हिस्सार येथे आणि १८९२ पासून लाहोर येथे वकिली केली. दयानंद अँग्लो-वैदिक महाविद्यालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १८९७ व १८९९ च्या दुष्काळांत आणि १९०५ च्या कांगडा भूकंपानंतर त्यांनी मदतकार्य संघटित केले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासमवेत ते काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडला गेले.

हद्दपारी

१९०७ मध्ये कालव्यालगतच्या वसाहतींविषयीचे विधेयक आणि वाढीव पाणीपट्टी यांमुळे पंजाबात शेतकऱ्यांचा असंतोष उसळला. या चळवळीचे निमित्त करून सरकारने ९ मे १९०७ रोजी लजपतरायांना व नंतर अजितसिंग यांना ब्रह्मदेशात मंडाले येथे हद्दपार केले. ही कारवाई १८१८ च्या तिसऱ्या विनियमान्वये झाली. या विनियमाखाली आरोप ठेवण्याची वा खटला चालवण्याची आवश्यकता नव्हती. ज्या वकिलाने आयुष्यभर पुरावा आणि उलटतपासणी यांवर विसंबून काम केले, त्याला आपल्यावरील आरोप काय, हेही सांगण्यात आले नाही. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, त्यांची मुक्तता झाली. पुढच्याच वर्षी टिळकांनाही मंडालेस नेण्यात आले, परंतु ते खटल्यातील शिक्षेनंतर, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

१९०७ च्या सुरत अधिवेशनात जहाल गटाने अध्यक्षपदासाठी लजपतरायांचे नाव पुढे केले होते. फूट टाळावी म्हणून त्यांनी ते नाकारले. फूट मात्र टळली नाही.

परदेशवास व पुनरागमन

१९१४ मध्ये ते इंग्लंडला व तेथून अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क येथे १९१७ मध्ये त्यांनी होमरूल लीग स्थापन केली. जालियनवाला बागेतील गोळीबार झाला तेव्हा ते अमेरिकेतच होते. १९२० च्या प्रारंभी मायदेशी परतल्यावर त्याच वर्षी कलकत्त्याच्या विशेष काँग्रेस अधिवेशनाचे व मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९२१ मध्ये त्यांनी ‘लोकसेवक मंडळ’ स्थापन केले. असहकार चळवळीत त्यांना कारावास घडला.

१९२४ नंतरचे त्यांचे राजकारण वादग्रस्त ठरले. पंजाबच्या धर्माधारित विभागणीची कल्पना त्यांनी लेखांतून मांडली आणि १९२५ मध्ये ते हिंदु महासभेच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. लाहोरमधील तरुण क्रांतिकारकांनी याबद्दल त्यांच्यावर उघड टीका केली. पाठ्यपुस्तकांत हा भाग सहसा गाळला जातो. पुढील घटनांचा अर्थ लावताना मात्र तो विसरता येत नाही.

सायमन आयोग व लाहोरचा लाठीमार

भारताच्या राज्यकारभाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या सायमन आयोगात एकही भारतीय सदस्य नव्हता. फेब्रुवारी १९२८ मध्ये लजपतरायांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आयोगावर अविश्वास व्यक्त करणारा ठराव मांडला. तो ६८ विरुद्ध ६२ मतांनी संमत झाला. सरकारने त्याची दखल घेतली नाही.

३० ऑक्टोबर १९२८ रोजी आयोग लाहोरला येणार होता. मनाई हुकूम असतानाही काळे झेंडे घेतलेली मिरवणूक रेल्वे स्थानकाकडे निघाली. अग्रभागी लजपतराय व मदनमोहन मालवीय होते. स्थानकाजवळ उभारलेल्या काटेरी तारांच्या अडथळ्यापाशी मिरवणूक थांबली. पोलीस अधीक्षक जेम्स स्कॉट यांच्या नेतृत्वाखाली लाठीमार झाला आणि लजपतरायांच्या छातीवर व खांद्यावर तडाखे बसले. जमाव पुढे घुसत होता, असा सरकारी पक्षाचा दावा होता. उपस्थित नेत्यांनी तो फेटाळला. वादाचा खरा मुद्दा मात्र जमाव पांगवण्याच्या आदेशाचा नव्हता. त्रेसष्ट वर्षांच्या, निःशस्त्र आणि सर्वपरिचित पुढाऱ्याच्या छातीवर प्रहार करण्याची गरज काय होती, हा होता.

त्याच सायंकाळी मोची दरवाजा येथील सभेत त्यांनी भाषण केले. हे प्रहार ब्रिटिश सत्तेचा अंत जवळ आणतील, अशा आशयाचे त्यांचे उद्गार पुढे सर्वतोमुखी झाले. काही दिवसांनी, प्रकृती बरी नसतानाही, ते काँग्रेसच्या बैठकीसाठी दिल्लीस गेले. १७ नोव्हेंबरच्या सकाळी लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

मारामुळे मृत्यू ओढवला वा लवकर आला, अशी लोकांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची धारणा होती. सरकारने हा संबंध मान्य केला नाही व पोलिसांची कृती समर्थनीय ठरवली. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाला, तेथेही उत्तर नकाराचेच मिळाले.

न्यायालयाचा मार्ग जवळजवळ बंदच होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार बेकायदा जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून खटला भरता येत नसे. ज्याच्या आज्ञेत पोलीस वागतात, त्याचीच परवानगी घेऊन पोलिसांविरुद्ध दाद मागायची, अशी ही व्यवस्था होती. (ही तरतूद स्वातंत्र्यानंतरच्या १९७३ च्या संहितेतही कायम राहिली.) पोलीस दल भ्रष्ट व जुलमी समजले जाते, असे सरकारनेच नेमलेल्या फ्रेझर आयोगाने १९०३ मध्ये नमूद केले होते. लाहोरच्या घटनेनंतर या अविश्वासाला एका सर्वमान्य नेत्याचे नाव मिळाले. महिना उलटण्यापूर्वीच लखनौ येथे जवाहरलाल नेहरू व गोविंद वल्लभ पंत यांनाही पोलिसांच्या लाठ्या खाव्या लागल्या. पंतांना झालेली इजा आयुष्यभर सोबत राहिली.

लजपतरायांच्या धोरणावर टीका करणाऱ्या तरुणांनीच त्यांच्या मृत्यूचा सूड घेण्याचे ठरवले. १७ डिसेंबर १९२८ रोजी भगतसिंग व खेड येथील शिवराम हरी राजगुरू यांनी, चंद्रशेखर आझादांच्या साहाय्याने, लाहोरच्या पोलीस कार्यालयाबाहेर गोळ्या झाडल्या. लक्ष्य स्कॉट होते. मारले गेले ते सहायक अधीक्षक जॉन साँडर्स. पाठलाग करणारे हवालदार चनन सिंग हेही आझादांच्या गोळीने ठार झाले. या प्रकरणी भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना २३ मार्च १९३१ रोजी फाशी देण्यात आले. स्कॉट यांच्यावर खटला झाला नाही.

लेखन व स्मारके

‘यंग इंडिया’ (१९१६) आणि कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ला उत्तर म्हणून लिहिलेले ‘अनहॅपी इंडिया’ (१९२८) हे त्यांचे विशेष उल्लेखनीय ग्रंथ होत. हद्दपारीचा वृत्तान्तही त्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केला.

त्यांच्या आईचे क्षयाने निधन झाल्यावर तिच्या स्मरणार्थ योजलेले गुलाबदेवी रुग्णालय १९३४ मध्ये लाहोर येथे सुरू झाले. फाळणीनंतरही ते त्याच नावाने चालू आहे. लाहोरमधील त्यांचा पुतळा फाळणीनंतर सिमल्यास हलविण्यात आला व तेथील माल रोडवर उभारण्यात आला.