देवगिरीची विदुषी : झेबुन्निसा

वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला जाणारी आपली भिलाईची मंडळी देवगिरीचा किल्ला चढतात आणि परतीच्या वाटेवर बीबी-का-मकबरा पाहतात. या दोन वास्तूंशी एका विदुषीचे नाते आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. औरंगजेब शाहजादा म्हणून दख्खनचा सुभेदार असताना, १६३८ च्या फेब्रुवारीत दौलताबादेस त्याला पहिले अपत्य झाले, ती झेबुन्निसा. मकबऱ्यात चिरनिद्रा घेणारी दिलरसबानू ही तिची आई.

तिच्या शिक्षणाची जबाबदारी हाफिजा मरियम या विद्वान स्त्रीकडे सोपवण्यात आली. स्त्रीने स्त्रीला धर्मविद्या शिकवावी, यात त्या परंपरेला नवे काही नव्हते. इस्लामच्या आरंभकाळात मदिनेत हजरत आयेशा यांच्याकडे हदीस समजून घेण्यासाठी पुरुषही येत. दोन हजारांहून अधिक हदीस त्यांच्या नावे सांगितल्या जातात आणि त्यांच्या शिष्यांत स्त्रियाही होत्या. मरियमबाईंच्या हाताखाली शिकणारी ही मुलगी त्याच दीर्घ मालिकेतली म्हटली पाहिजे. झेबुन्निसेने संपूर्ण कुराण मुखोद्गत केले, तेव्हा पित्याने आनंदाने तिला तीस हजार मोहरा बक्षीस दिल्या. पुढे अरबी आणि फारसी या दोन्ही भाषांवर तिने प्रभुत्व मिळवले. नस्ख, नस्तालिक आणि शिकस्ता या तिन्ही वळणांत तिचे अक्षर सुंदर होते. मुल्ला सईद अश्रफ माझंदरानी या इराणी कवीकडून तिने काव्याचे धडे घेतले.

तिचे खरे कार्य मात्र ग्रंथांचे. तिचा ग्रंथसंग्रह त्या काळी ख्यात होता. सुलेखनकार आणि पंडित यांना वेतन देऊन ती जुन्या ग्रंथांच्या प्रती करवून घेई व नवे ग्रंथ लिहवून घेई. इमाम फक्रुद्दीन राझी यांचे कुराणावरील प्रचंड अरबी भाष्य ‘तफसीर-ए-कबीर’ तिने मुल्ला सफीउद्दीन अर्दबेली यांच्याकडून फारसीत उतरवून घेतले. त्यासाठी मुल्लांच्या काश्मिरातील निवासाची आणि चरितार्थाची सोय तिने केली. त्या भाषांतराला तिच्या नावावरून ‘झेब-उत्-तफासीर’ असे नाव मिळाले. लेखणी मुल्लांची होती हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु अरबी न येणाऱ्या, फारसीवर वाढलेल्या वाचकाला हे भाष्य त्याच्या भाषेत मिळावे, ही दृष्टी शाहजादीची होती. महाराष्ट्राबाहेर राहून मुलांना मराठीतून शिकवू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या दृष्टीचे मोल निराळे समजावून सांगावे लागू नये. ‘मख्फी’, म्हणजे गुप्त, या नावाने प्रसिद्ध असलेला काव्यसंग्रह तिचाच की काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही. हे नाव इतर कवींनीही घेतले होते.

आजोबा शाहजहानने तिचा विवाह दारा शिकोहचा मुलगा सुलेमान शिकोह याच्याशी ठरवला होता. पुढे गादीच्या युद्धात औरंगजेबाने दाराचा नाश केला, १६६२ मध्ये सुलेमानही कैदेत मेला आणि झेबुन्निसा अविवाहितच राहिली. त्याआधी, १६५७ च्या सप्टेंबरात, तिचा धाकटा भाऊ अकबर जन्मला आणि महिनाभरातच आई दिलरसबानू वारली. एकोणीस वर्षांच्या बहिणीचा या पोरक्या भावावर फार जीव जडला. त्याच मायेची तिला पुढे जबर किंमत मोजावी लागली. १६८१ च्या जानेवारीत अकबराने राजपुतांच्या साहाय्याने बापाविरुद्ध बंड करून स्वतःस बादशहा म्हणवले. बंड फसले, तो निसटला आणि दक्षिणेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. बहीण-भावांमधील पत्रे मात्र बापाच्या हाती लागली. तिचा सालिना चार लाखांचा तनखा बंद झाला, मालमत्ता जप्त झाली आणि तिला दिल्लीच्या सलीमगडात कैद करण्यात आले. तेथून तिची सुटका झाली नाही. एकवीस वर्षे! जिच्या आश्रयावर पंडितांची घरे चालत होती, तिचा दरबार एका आज्ञेसरशी मिटला.

मराठी वाचकाला झेबुन्निसा हे नाव बहुधा वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. आग्र्याच्या दरबारात पडद्याआडून तिने शिवाजी महाराजांना पाहिले आणि ती त्यांच्या प्रेमात पडली, ही कथा नाटक-कादंबऱ्यांनी घरोघरी पोचवली. समकालीन साधनांत तिला काही आधार नाही. अकीलखानाशी तिचे नाव जोडणारी दुसरी प्रेमकथा तर जदुनाथ सरकारांनी पुराव्यानिशी खोडून काढली आहे. तिसरा घोटाळा खास आपल्याकडचा आहे. मोगली छावणीत येसूबाई आणि बाल शाहू यांची आस्थेने काळजी घेणारी शाहजादी म्हणून काहीजण हिचेच नाव घेतात. ती होती धाकटी बहीण झीनतुन्निसा. १६८९ मध्ये रायगड पडून मायलेक मोगलांच्या हाती लागले, तेव्हा झेबुन्निसा आठ वर्षे सलीमगडात होती. एका विद्वान स्त्रीविषयी बोलताना आपल्याला आधी प्रेमकथाच सुचावी, याचे वैषम्य वाटते.

मे १७०२ मध्ये तिने दिल्लीत देह ठेवला. त्या वेळी औरंगजेब सह्याद्रीत विशाळगडाच्या वेढ्यात गुंतला होता. मुलीच्या मृत्यूची वार्ता कळल्यावर म्हाताऱ्या बादशहाच्या डोळ्यांना पाणी आले, असे सांगतात. त्याने तिच्या नावे दानधर्म करण्याची आणि कबर बांधण्याची आज्ञा दिली. काबुली दरवाजाबाहेर तीस हजार झाडांच्या बागेत तिचे दफन झाले. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचा मार्ग टाकताना ती कबर पाडण्यात आली. दिल्लीच्या त्या भागाला आजही तीस हजारी म्हणतात. तेथे आता न्यायालय भरते.