बारशाचं गोड जेवण

मैत्रिणींनो, आपल्या नांदेड-लातूरकडंही गाडगेबाबा म्हटलं की आधी खराटाच आठवतो. पण त्याआधीचा डेबू? जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातला. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई पोराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाची गुरं राखत तो वाढला. पुढं त्याच्या लेकीचं बारसं निघालं. रिवाज मटण नि दारूचा. डेबूनं पंगतीला गोड वाढलं! भाऊकी रागावली, हा बधला नाही. १९०५ला त्यानं घर सोडलं. (मागं राहिलेल्या कुंताबाईंनी संसार कसा ओढला असेल, हेही मनात येतंच.) मग १९५६पर्यंत, मरेपर्यंत, गावोगाव कीर्तनं. त्यात बाबा समोरच्यांनाच प्रश्न विचारत. दारूनं घराचं काय होतं, हेही विचारायचे. उत्तर समोर बसलेल्या गड्यांनीच द्यायचं, बायकापोरांच्या देखत.