ताराबाई शिंदे

ताराबाई शिंदे (सुमारे इ.स. १८५० – सुमारे इ.स. १९१०) या बुलढाणा येथील मराठी लेखिका होत्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क व सत्यशोधक समाजाचे सदस्य होते.

इ.स. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या खटल्यानिमित्त 'पुणेवैभव' पत्राने स्त्रियांवर टीका केली. तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) हा ग्रंथ लिहिला. विधवाविवाह १८५६ पासून कायदेशीर असूनही उच्चवर्णीयांत रूढीने निषिद्धच होता. विधवेला फसवणारा पुरुष मोकळा राहतो आणि बदनामीच्या भयाने घडलेल्या गुन्ह्याचे शासन तिला एकटीलाच होते, असे त्यांनी मांडले. गुन्ह्यामागील सामाजिक कारणांचा हा शोध आज गुन्हेशास्त्राचा अभ्यासविषय आहे. त्या शास्त्राला नाव देणारा राफाएले गारोफालो यांचा इटालियन ग्रंथ तीन वर्षांनंतर, १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्रंथावर टीका झाली, तेव्हा महात्मा फुले यांनी 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यांचे अन्य पुस्तक उपलब्ध नाही. पुढे विस्मृतीत गेलेला हा ग्रंथ स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला.